शेडमधलं दूध

"आपल्या वाट्याचं आधी लेकराच्या तोंडी घालायचं, उरलं तर आपण खायचं," असं त्याची आई सांगायची. आईला जाऊन बरीच वर्षं झाली, पण ओताऱ्यानं तिचा शब्द कधी खाली पडू दिला नाही.

तो बंदुकीच्या गोळ्यांच्या कारखान्यात ओतशेडमध्ये कामाला होता. तिथे शिसं वितळवायचं, कडकपणा यावा म्हणून त्यात थोडं अँटिमनी घालायचं आणि साच्यात ओतायचं. तांब्याचं कवच पुढच्या शेडमध्ये चढे, पितळेची पुंगळी त्याच्याही पुढे, आणि दारू भरणारे तर वेगळ्याच फाटकातून आत जात. नुसतं शिसं फार मवाळ, नखानंसुद्धा ओरखडतं. ओतारी बायकोला थट्टेनं म्हणे, की ते माझ्यासारखंच आहे, तुझ्यासारखं काहीतरी मिसळलं की मगच कामाला येतं.

शिशाची वाफ माणसाच्या अंगात भिनते हे मालकालाही ठाऊक होतं. वाफ ओढून घेणारे पंखे महाग, म्हणून त्यानं ओतशेडच्या माणसांना रोज पेलाभर दूध लावून दिलं. दुधानं शिसं धुतलं जातं म्हणे. ओतारी ते पीत नसे. डब्यात ओतून घेई, पाळी सुटेपर्यंत डबा भट्टीजवळच्या फळीवर ठेवी आणि घरी आणी. चिमणीसाठी. चिमणी म्हणजे त्याची एकुलती एक लेक, नुकती बोलायला लागलेली.

बायकोला त्याचं कोण कौतुक! नळावर पाणी भरताना ती बायकांना सांगायची, की आपल्या माणसांना तिथे पिऊ देऊ नका, घरी आणायला लावा, पोरं बाळसं धरतील. शेजारची मावशी आधी नाक मुरडायची, तुझ्या नवऱ्याची माया जरा जास्तच उतू जाते म्हणायची. पण मावशीला नातू झाला, तो वरच्या दुधावर आला, आणि तिच्या मुलाच्याही हातात डबा दिसू लागला. मग गल्लीत डबा न आणणारा बाप शोधून सापडेना.

चिमणी मात्र सुकत चालली. पोट धरून बसायची. आलेले शब्द एकेक करून विसरू लागली. तशी बायकोनं दूध वाढवलं. ओताऱ्यानं बिनलग्नाच्या सोबत्याचा पेलाही मागून आणला.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी पोरीचा ओठ उचलून हिरडी पाहिली, रक्त घेतलं, बाप काय करतो आणि पोर काय खातेपिते ते विचारलं. पुढच्या खेपेला त्यांनी दुधाचा डबाच मागवला. आतल्या काठावरून ओला कापूस फिरवला. कापूस राखाडी झाला.

"झाकण कुठंय याचं?"

"हरवलं. ते गळ्यातलं फडकं बांधतात वरून," बायको म्हणाली. "दुधात धूळ पडू नये म्हणून."

डॉक्टरीणबाईंनी हळू आवाजात सगळं उलगडून सांगितलं. पोरीच्या रक्तात शिसं होतं; शेडमधली शिशाची धूळ डब्यातून, फडक्यातून दुधात उतरत होती. औषधानं काही उतरेल, पण मेंदूचं जे नुकसान झालं ते किती भरून येईल, याचा शब्द त्या देऊ शकत नव्हत्या. आणखी कोणाकोणाच्या घरी हे दूध येतं, असं त्यांनी विचारलं तेव्हा बायको गल्लीतलं एकेक घर सांगत गेली.

"मी गेले तर दारं लावून घेतील," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "तुम्ही सांगाल?"

"सांगेन," ती म्हणाली. "शब्द देते."

संध्याकाळी ओतारी आला तो नेहमीसारखा डबा सांभाळत. तिनं सांगितलं. तो डबा मांडीवर घेऊन उंबऱ्यातच बसला.

"म्हणजे मीच पाजलं."

पेला तर रोज तीच भरत होती.

मग तो म्हणाला, "गल्लीत बोलू नकोस. बोभाटा झाला की मालक सगळ्यांचं रक्त तपासेल. ज्याच्या अंगात जास्त, तो घरी बसेल. सगळ्यांत जास्त माझ्याच अंगात निघणार. मग चिमणीचं औषध काय हवेवर आणशील?"

"आणि मावशीचा नातू?"

"देव बघेल त्याच्याकडे."

"नळावर देव गेला नव्हता," ती आवाज न चढवता म्हणाली. "मी गेले होते."

डब्याचा आवाज ऐकून चिमणी आतून आली आणि आपला पेला बापापुढे धरून उभी राहिली. ओताऱ्यानं फडकं सोडलं, मोरीपाशी गेला आणि दूध ओतून टाकलं. पोरीला कळेना, बाबा असं का करतो. ती रडू लागली. ‘दूध’ म्हणायला तोंड उघडायची, पण शब्द काही येत नव्हता. त्यानं तिला उचलून घ्यायला हात पुढे केले, स्वतःच्या हातांकडे पाहिलं आणि ते मागे घेतले.

बायकोनं पोरीला उचललं, गप्प केलं, निजवलं. भिंतीपलीकडे मावशी नातवाला लाडानं हाका मारत होती, बाबा आला बघ, डबा आला बघ. मावशी काय म्हणणार, ते बायको घरात बसूनच सांगू शकली असती. तुझं पोर आजारी, म्हणून माझ्या नातवाच्या दुधावर डोळा. आधी शिकवलंस तूच, आता तोडायलाही तूच. उद्यापासून नळावर कोणी तिला जागा देणार नव्हतं, आणि महिनाभरात नवरा कारखान्याबाहेर असला तरी नवल नव्हतं.

"जाऊ नकोस गं," मोरीपाशी हात घासता घासता ओतारी म्हणाला. पण तिला अडवायला तो उठला नाही.

तिनं चपला पायांत सरकवल्या, चिमणीची झोप मोडू नये म्हणून दार हलकेच ओढून घेतलं, आणि मावशीच्या दाराकडे निघाली.