ओटीत गेलेली लेस

त्या शनिवारी पापाटोएटोच्या भाजीच्या दुकानात येटुंडे भेटली नसती, तर श्यामलाबाईंचा पुढचा आठवडा सुखात गेला असता.

मेथीची जुडी उलटसुलट करून बघत होत्या, तेवढ्यात मागून कुणीतरी गुडघे जरासे वाकवून नमस्कार केला. बघतात तर रेमीची थोरली लेक. रेमी म्हणजे श्यामलाबाईंची इथली, मुलाच्या या परक्या देशातली एकुलती एक मैत्रीण. नायजेरियातली, इबादानला तीस वर्षं सुईण म्हणून राबलेली. दोघी रोज दुपारी आपापल्या नातवंडांना आणायला शाळेच्या फाटकाशी जायच्या, आणि तिथल्या बाकावर चार वर्षांत त्यांचं जमून गेलं. रेमीकडे बाईला तिच्या मुलाच्या नावाने हाक मारतात. इंद्रनीलची आई म्हणून ती यांना ‘मामा इंद्रा’ म्हणायची; मामा म्हणजे त्यांच्यात आई. श्यामलाबाईंना ते मुळीच परकं वाटलं नाही. सांगलीला सगळी आळी त्यांना ‘इंद्रनीलची आई’ म्हणूनच ओळखत होती.

“आंटी, शिवून आलं का?” येटुंडेने विचारलं.

“काय गं?”

“लेस. माझ्या बहिणीच्या लग्नाची. आईने घरी आणून दिली ना तुम्हाला? आता सातच दिवस राहिले.” मग आवाज खाली आणून ती म्हणाली, “पैशांची घाई नाही हं. दोनशे ऐंशी डॉलर. लग्नाआधी कधीही द्या. आई तुम्हाला सांगणार नाही, तिला लाज वाटते. म्हणून हे काम माझ्याकडे.”

श्यामलाबाईंच्या हातातली जुडी तशीच राहिली. त्यांचा चेहरा बघून येटुंडेने नीट समजावलं. आमच्याकडे लग्नघरातले लोक एक कापड ठरवतात. जवळची माणसं ते घरच्यांकडून विकत घेतात, आपापल्या पद्धतीने शिवतात, आणि लग्नात सगळी एका रंगात बसतात. ज्यांनी घेतलं नाही ती मागच्या टेबलांवर.

“तुमची खुर्ची आईने आपल्या शेजारी ठेवलीय. मी मावशीला बसवते म्हटलं, तर भांडली माझ्याशी.”

श्यामलाबाई मेथी न घेताच घरी आल्या.

त्याचं असं झालं होतं. तीन आठवड्यांपूर्वी रेमी दारात आली होती, आणि तिने दोन्ही हातांनी पिशवी पुढे केली होती. आत कांद्याच्या सालीसारख्या गुलाबी रंगाची पाच वार जड लेस, आणि डोक्याला बांधायचं हिरवं, कडक, चमचमतं कापड. “माझ्या मुलीच्या लग्नाचं,” एवढंच ती म्हणाली. लग्नघरातून बाई कापड घेऊन आली म्हणजे तो आहेर, दुसरं काय असणार? श्यामलाबाईंनी तिला हळदकुंकू लावलं, हातावर साखर ठेवली, पिशवी देवापुढे ठेवून नमस्कार केला. रेमीला वाटलं, यांनी कापड मान्य केलं. यांना वाटलं, आपला मान झाला. दोघी खूश.

आणि आहेराचं आपल्या बायका काय करतात, हे सांगायला नको. सांगलीच्या ट्रंकेत असे ब्लाउजपीस होते, की ते वीस लग्नं हिंडून आले असतील. नऊवारीतून सहावारीवर आलेल्या बाईने पाच वार लेसचं काय करायचं? पुढच्याच रविवारी पुतण्याच्या, शार्दूलच्या, बायकोचं, मृणालिनीचं, डोहाळजेवण होतं. श्यामलाबाईंनी नारळ, तांदूळ आणि ती लेस तिच्या ओटीत घातली. सगळ्या बायकांनी हात लावून बघितली. “काकू, केवढी भारी आणलीत,” मृणालिनी म्हणाली, आणि श्यामलाबाईंना चक्क बरं वाटलं. हिरवं कापड मात्र देव्हाऱ्यात अंथरलं, कारण त्याला घडी छान बसत होती.

रात्री जेवताना त्यांनी घरात सांगितलं.

इंद्रनीलने चमचा खाली ठेवला. “लग्नाला बोलवायचं आणि वर कपड्यांचे पैसे घ्यायचे? आई, आपण एक छान कार्ड देऊ, पन्नास डॉलर घालू, विषय संपला.”

“विषय कसा संपेल? खुर्ची ठेवलीय तिने.”

“मग मागे बस. जेवण काय वेगळं असणार आहे?”

“तुम्ही थांबा जरा,” सून विनया त्याला म्हणाली. ती औषधांच्या दुकानात फार्मसिस्ट, बोलणं मोजकं. “आई, मृणालिनीकडून परत मागून आणायची का? मी फोन करू?”

“ओटीतलं? दिवस भरत आलेल्या मुलीकडून?”

“आजी, जस्ट से सॉरी,” नातू गंधार म्हणाला आणि पोळीचा शेवटचा तुकडा तोंडात टाकून उठला.

झोप कसली येते. कूस बदलली की दोनशे ऐंशी, पुन्हा बदलली की खुर्ची. आणि दोन्हींच्या मधून त्यांची इंदूमावशी यायची. चौसष्ट साली श्यामलाबाईंच्या लग्नात सासूबाईंनी मानपानाच्या साड्या लावल्या होत्या, कोण किती जवळचं ते बघून एकेक गठ्ठा. इंदूमावशीने पोरक्या श्यामलाला वाढवलेलं, पण नात्याच्या यादीत ती मावशी. तिला मिळाली आठ रुपयांची सुती साडी. पंगत उठायच्या आत एसटीने निघून गेली आणि परत त्या दारात आली नाही. किंमत तेव्हाही होतीच, मनात आलं. आमच्यात ती कुणी तोंडाने सांगत नव्हतं, एवढंच.

सोमवारी त्या शाळेच्या फाटकाशी मुद्दाम उशिरा गेल्या. मंगळवारी डोकं दुखतंय म्हणून विनयाला पाठवलं. चार वर्षांत पहिल्यांदा बाक टाळला. घरात मात्र एका जागी बसवेना. धुतलेले डबे पुन्हा धुतले, कढीपत्त्याच्या कुंडीला दोनदा पाणी घातलं.

बुधवारी त्या उठल्या आणि कुणाला न सांगता माउंट वेलिंग्टनला मृणालिनीकडे निघाल्या. गाडी चुकीची पकडली. पेनरोजला उतरावं लागलं, पुढे पायीच. दोन्ही बाजूंना कारखाने, गोदामं, अंगावरून जाणारे ट्रक, आणि फुटपाथवर सपाता घातलेली, पदर खोचलेली एक म्हातारी. वाटेत एका माणसाने थांबून “यू ओके, लव्ह?” विचारलं. “ओके, ओके,” म्हणत त्या चालत राहिल्या. सगळी वाट मनात एकच वाक्य घोळवत होत्या, ‘मृणाल, त्या लेसचं जरा असं झालंय...’ पुढचं काही सुचत नव्हतं.

मृणालिनीने एक हात कमरेवर ठेवून दार उघडलं. “काकू, एकट्या? चालत? शार्दूल ऐकेल तर मलाच रागावेल. आधी पाणी प्या.”

पाणी प्यायल्या. उपमा खाल्ला. मग ती म्हणाली, “या, तुम्हाला गंमत दाखवते.”

आतल्या खोलीत खिडकीशी पाळणा होता. त्याच्या चारी बाजूंनी कांद्याच्या सालीच्या रंगाची झालर, छत, अगदी उशीच्या कडेलासुद्धा तीच.

“आई भारतातून येऊ शकत नाहीये ना,” मृणालिनी म्हणाली. “व्हिसाचं काही होईना. म्हटलं, घरच्या बाईकडून आलेलं एक तरी बाळाच्या अंगाला लागू दे. वेडीवाकडी शिवलीय, हसू नका.”

श्यामलाबाईंनी झालरीची एक निघालेली टीप बघितली. “सुई आहे का घरात?” त्यांनी विचारलं. टीप घातली, तिच्या तोंडावरून हात फिरवला आणि पाचच्या बसने परत आल्या. त्या वाक्याचा पुढचा भाग कधीच बोलला गेला नाही.

गुरुवारी त्यांनी श्रीखंडाचा रिकामा डबा उघडला. दिवाळीत इथल्या मराठी घरांना चकल्या करून दिल्या होत्या, त्याचे तीनशे दहा डॉलर होते. आख्ख्या आयुष्यात स्वतः कमावलेले पहिले. खर्च करायचे नव्हते, नुसते असू द्यायचे होते. त्यातले दोनशे ऐंशी काढले. देव उचलून बाजूला ठेवले, खालचं हिरवं कापड घेतलं. मधोमध कुंकवाचा डाग पडला होता, घासून निघाला नाही.

रेमीच्या घरात नुसती धांदल. पण त्यांना बघून ती म्हणाली, “चार दिवस कुठे होतीस, मामा इंद्रा? मी बाकावर एकटी बसले. मला वाटलं, किंमत ऐकून पळालीस.”

“पळालेच होते,” श्यामलाबाई म्हणाल्या आणि मोडक्यातोडक्या इंग्रजीत सगळं सांगितलं. आहेर, ओटी, पाळणा, सगळं. सांगताना नोटा हातात चुरगळत होत्या.

रेमीने मध्ये एकच प्रश्न विचारला. “कितवा महिना?”

“नववा.”

“डोकं खाली वळलंय का बाळाचं?”

“हो म्हणतात.”

“मग ठीक.” रेमीने हात पुढे केला, नोटा घेतल्या, न मोजता कमरेच्या गाठीत खोचल्या. नको म्हणाली नाही, आणि त्या क्षणी श्यामलाबाईंचा आठवड्याचा श्वास मोकळा झाला. नको म्हणाली असती, तर त्या पाहुण्याच राहिल्या असत्या.

“येटुंडेचं काय? लेस नाही अंगावर,” त्यांनी विचारलं.

“कापड तू विकत घेतलंस. आता ते अंगावर घाल नाहीतर पाळण्यावर. येटुंडेला मी जन्म दिलाय, तिने मला नाही.” मग तिने हिरवं कापड उलगडलं, डाग बघितला, नखाने खरवडला. “हे काय?”

“आमच्या देवाचं कुंकू.”

“असू दे. बांधताना ते पुढे घेते.”

शनिवारी त्या हॉलमध्ये दीडशे माणसं कांद्याच्या सालीच्या रंगात बसली होती. पहिल्या रांगेत एकच मोतिया नारायणपेठी. डोक्यावर रेमीने बांधलेलं हिरवं कापड एवढं ताठ, की मान वळवायची सोय नव्हती आणि कपाळ ठणकत होतं. येटुंडे दोनदा बघून गेली, दुसऱ्यांदा ओठ दाबून. श्यामलाबाई खुर्चीच्या कडेवर बसल्या होत्या, कधीही उठावं लागेल अशा. प्रत्येक वेळी कुणी जवळ आलं की त्यांचे पाय जमिनीवर घट्ट व्हायचे.

एक तरुण मुलगा आलाच, पाहुण्यांना जागा दाखवणारा. वाकून अदबीने म्हणाला, “आंटी, ही टेबलं लेसवाल्यांची आहेत. तुमची लेस?”

रेमी वधूकडे बघत होती, तिने ऐकलं नाही. श्यामलाबाईंनी खुर्चीची कड सोडली आणि पाठ टेकली.

“माउंट वेलिंग्टनला आहे,” त्या म्हणाल्या. “बाळ यायचंय.”