कमानीवरची अक्षरे

मित्रांनो, बुलढाण्याजवळच्या धाड गावात, बाजाराच्या रस्त्यावर फ्लेक्सचे एक दुकान आहे. त्याच्या मागच्या फळीवर, शाईच्या रिकाम्या डब्यांशेजारी मी पडून असतो. मी एक जुना संगणक आहे. आता मला कोणी सुरू करत नाही.

दुकान संघपालचे. त्याने मला आणले, तेव्हा त्याच्या आईने, सिंधूताईंनी, मला पुसायला आपल्या लुगड्याचा मऊ तुकडा दिला होता. लग्नपत्रिका, वाढदिवसाचे बॅनर, दुकानांच्या पाट्या, मी सगळे केले.

संघपालचे वडील पुंजाजी पेंटर होते. गावोगावच्या भिंतींवर त्यांचे अक्षर होते. फ्लेक्स आला आणि त्यांचे ब्रश वाळून गेले. पुढे हातही थरथरू लागला. तेव्हा गावातल्या विहाराच्या होऊ घातलेल्या कमानीवरचे नाव काढायला ते माझ्यासमोर मुलाशेजारी बसले. ते सांगत, संघपाल रेघा ओढी.

"अबे, त्या 'द्ध'ची मान वाकव जराशी."

"वाकवली, बाबा."

"वाकवली नाही, मोडली तू तिची मान."

दोघेही हसले. 'मैत्री बुद्ध विहार' ही अक्षरे अशी तयार झाली. ते चित्र रेघांचे होते. दुकानात अशा फाइलला ओपन फाइल म्हणतात. तिच्यातले अक्षर बोटाएवढे करा की घराएवढे, त्याची कड तुटत नाही. पण ती साध्या मोबाइलवर उघडत नाही. म्हणून संघपालने तिची लहानशी जेपीजी केली, म्हणजे दाबून हलके केलेले चित्र, आणि गावाच्या ग्रुपवर टाकली. सगळ्यांनी वाखाणली. पुंजाजी कितीतरी वेळ फोन डोळ्यांजवळ धरून बसले होते.

कमानीचे काम मात्र लांबत गेले. लग्नसराईत माझ्यातली फाइली ठेवायची जागा भरली आणि मी अडखळू लागलो. संघपाल जुन्या फाइली काढून टाकू लागला.

"बाबांची राहू द्या," त्याची बायको धम्मशीला म्हणाली.

"अवं, जेपीजी हाये ना साऱ्याइच्या फोनात. चित्र तेच हाये."

त्याला खरेच तसे वाटत होते. त्याने ती फाइल पुसली.

त्या वर्षीच पुंजाजी गेले. मग कमान उभी राहिली आणि सिंधूताई दुकानात आल्या.

"मले दुसरं काही नको. वर त्याइचेच अक्षरं पाहिजेत."

संघपालने फोनातली जेपीजी माझ्यावर घेतली आणि मोठी केली. अक्षरांच्या कडा पायऱ्यापायऱ्यांच्या झाल्या. 'द्ध'ची मान धुरात गेल्यासारखी दिसू लागली.

"हे काऊन असं दिसून राह्यलं?"

"मोठं केलं म्हणून, माय."

"मंग ते पह्यलं लाव ना, बाप्पा. तुमी दोघाइनं काढलेलं."

संघपालने माझ्या वायरी काढल्या.

पुसलेली फाइल परत मिळते का ते पाहायला तो मला बुलढाण्याला दुरुस्तीवाल्याकडे घेऊन गेला. पण त्या फाइलच्या जागेवर केव्हाच लग्नपत्रिका येऊन बसल्या होत्या. शेवटी त्या पुसट चित्रावरून त्याने नव्याने रेघा ओढल्या आणि कागद आईपुढे धरला. सिंधूताईंनी 'द्ध'वरून बोट फिरवले.

"चांगलं हाये," त्या म्हणाल्या. "पण हे तुयं हाये."

कमानीवर आज तीच अक्षरे आहेत. येणारेजाणारे त्यांना चांगली म्हणतात. तेव्हा संघपाल दुसरीकडे पाहतो.

मित्रांनो, चित्र हलके करून जरूर वाटा. ते चार लोकांनी पाहावे म्हणूनच काढलेले असते. पण वाटून झाले म्हणून मूळ चित्र टाकून देऊ नका. ते जड असेल, रोज लागत नसेल, तरी कोपऱ्यात जपून ठेवा. काढणारा हात पुन्हा मिळत नाही.

बाजाराच्या दिवशी सिंधूताई अजून दुकानात येतात आणि पदराने माझ्यावरची धूळ पुसतात.

"याच्यापुढंच बसले होते ते," सुनेला सांगतात.

मग पिशवी उचलून बाजारात जातात. आणि मी पुढच्या बाजाराची वाट पाहतो.