रिकामा डबा

युवा केंद्राची कार्यकर्ती म्हणून प्रशिक्षणाच्या संधी मी चार महिने ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहिल्या. कुणी ढुंकून पाहिलं नाही! शेवटी वैतागून डेअरीतल्या फळ्यावर दुधाच्या दराखाली लिहिलं. दूध घालायला आलेल्या सृष्टीनं ते वाचलं, अर्ज केला आणि नर्सिंगच्या प्रशिक्षणाला तिची निवड झाली.

आज तिची आई, मंदाकिनी, खरवस घेऊन आली.

"ताई, लई उपकार झाले तुमचे."

"तुझं वय काय गं?"

"चौतीस. सोळाची हुते तवा सृष्टी झाली."

रिकामा डबा परत द्यायचा नसतो, म्हणून लोक चिमूटभर साखर घालतात. मी ड्रोन-फवारणी प्रशिक्षणाचा अर्ज घातला. वयोमर्यादा पस्तीस.

"हा पन सृष्टीचा?"

"नाही. तुझा."