फिटचा दाखला

नवऱ्याला नावाने हाक मारणारी आमच्या गल्लीतली पहिली बाई मी. त्यावरून सासूबाईंनी दोन दिवस अबोला धरला होता, तेव्हाही मी माघार घेतली नाही. तेव्हा छायाच्या नादी कोण लागणार, असं लोक म्हणतात त्यात खोटं काही नाही.

माझा नवरा भारत नाशिक पालिकेच्या बंबावर फायरमन. अठ्ठ्याण्णवच्या मार्चमध्ये अंबडला एका रंगाच्या गोदामाला आग लागली. सगळे बाहेर आलेत, असं मालकाच्या माणसाने छातीठोकपणे सांगितलं. तरी खात्री करायला दोघे आत शिरले. धुरात दिसत काही नाही. गुडघ्यांवर रांगायचं, एक हात भिंतीला लावायचा, आणि मागच्याने पुढच्याचा पट्टा धरायचा. भारत पुढे होता. त्याच्या हाताला काहीतरी मऊ लागलं. गोणी असेल समजून तो ओलांडून गेला. आग विझल्यावर कळलं, ती गोणी नव्हती. पेठ तालुक्यातून आलेला हमाल होता, बारकू नावाचा.

तेव्हापासून भारतला तोंड शिवलेली गोणी बघवेना. बाजारात एका परक्या माणसाची कांद्याची गोणी त्याने दातांनी उसवली. माझे वडील मखमलाबादला झेंडू लावतात. दसऱ्याच्या बाजारासाठी भरलेल्या बारा गोण्या त्याने अंगणात रिकाम्या केल्या आणि फुलांत बसून रडला. आमची पल्लवी चौथीत. तिने पांघरूण घेतलं की हा ओढून काढायचा. शेवटी पोरीने पांघरूण घेणंच सोडलं. "मला उकडतं गं आई," म्हणायची. नाशिकच्या डिसेंबरात! मला ते ऐकवायचं नाही.

घंटा झाली तरी त्याचं पाऊल बंबावर चढेना, तेव्हा साहेबांनी त्याला टेलिफोनवर बसवलं. डॉक्टरकडून फिटचा दाखला आण, मग बघू, म्हणाले.

आता स्टेशनातली रीत ऐका. दाखला हवा असला की सगळे एकाच डॉक्टरकडे जातात. पाठ धरलेला असो की कान गेलेला, डॉक्टर विचारतो, "जेवण जातं? झोप लागते?" आपण हो म्हणायचं, तो शिक्का मारतो. भारतला तिथे खंडेराव घेऊन गेले. खंडेराव त्याचे सीनियर, तीस वर्षं बंबावर काढलेले, आम्हाला घरच्यासारखे. मीही शहाणी बरोबर गेले. वाटलं, डॉक्टर म्हणजे डॉक्टर. पाच मिनिटांत कागद तयार.

मी म्हटलं, "डॉक्टर, याला झोप लागत नाही हो."

"बाई, तुम्हाला दाखला हवाय ना?"

मला दाखला नको होता, मला माझा नवरा हवा होता. कागद मी कपाटात टाकला आणि किल्ली स्वतःकडे ठेवली. तो साहेबांच्या टेबलावर गेला असता तर दुसऱ्या दिवशी भारत बंबावर. आणि आगीत हा गोण्या सोडत बसला असता, तर स्वतः गेलाच असता, वर पट्टा धरणाऱ्यालाही घेऊन.

मग मी डॉक्टर शोधायला लागले. कॉलेज रोडच्या एकाने पहिल्याच दिवशी सगळी आग सांगायला लावली. भारत मोरीत जाऊन ओकला. डॉक्टर म्हणाले, "तुम्ही शूर माणसं, यातून सहज बाहेर पडाल." शूर म्हटलं की माणसाचं तोंड बंद होतं, एवढं त्या शिकलेल्या माणसाला कळू नये? दुसऱ्याने मला नि पल्लवीला बाहेर थांबायला सांगितलं. "पेशंट कोण आहे?" मी म्हटलं, "तिघं." तो हसला. मी भारतचा हात धरला आणि तिथून निघाले.

गल्लीत कुजबुज सुरू झाली, वेड्यांच्या डॉक्टरकडे जातात म्हणून. नळावर मीच मोठ्याने म्हटलं, "हो, जातो. कोणाला पत्ता हवाय?"

शेवटी पल्लवीच्या शाळेतल्या बाईंनी नाशिकरोडच्या शुभांगी मॅडमचं नाव सांगितलं. दोन खोल्यांचा दवाखाना, बाहेर लाकडी बाक. मॅडमनी तिघांनाही आत घेतलं आणि पहिला प्रश्न पल्लवीला विचारला, "तुला थंडी वाजते का गं?"

पोरीने बापाकडे बघितलं. मग हळूच म्हणाली, "हो. खूप."

भारतने मान खाली घातली. मॅडम त्याला म्हणाल्या, "आगीचं आज काही सांगू नका. मला तुमच्या कामातलं कळत नाही. धुरात कसे शिरता, तेवढं दाखवा."

आणि माझा नवरा त्या फरशीवर गुडघ्यांवर बसला, हात भिंतीला लावून सरकायला लागला.

"हात उघडाच असतो?"

"नाही. चामड्याचे मोजे असतात. जाड."

"त्यातून काय कळतं?"

"भिंत कळते. दार कळतं."

"गोणी आहे की माणूस, ते?"

त्याने भिंतीवरचा हात काढून तळव्याकडे बघितलं. "नाही कळत," म्हणाला.

"तुम्हालाच?"

"कोणालाच नाही कळत."

मॅडमनी त्यावर प्रवचन दिलं नाही. म्हणाल्या, "सोमवारी या. सहा महिने तरी लागतील. तोवर बंब नाही." त्या दिवशी मला कळलं, हीच ती.

रविवारी सकाळी खंडेराव आले.

"वहिनी, तो कागद द्या. सायबानं मंगळवारपर्यंत मुदत दिलीये. नायतर याला बागेत धाडतील, झाडांना पाणी घालाया."

"घालू दे. झाडं तरी जगतील."

"लोक हसत्यात वहिनी. सर्व्हिस बुकात डोक्याचं दुखणं लागलं की पुसलं जात नाय. बंबावर चढलं की सगळं आपोआप जातं. मी चढतोच ना रोज?"

मी बोलणार, तोच भारत उठला. "दादा, मंगळवारी आग लागली. तुम्ही पुढे, तुमचा पट्टा माझ्या हातात. चालेल तुम्हाला?"

खंडेराव दाराकडे वळले.

"मी फिट नाही. साहेबांना मी स्वतः सांगणार आहे. काय लिहायचं ते लिहू दे."

खंडेराव खाली बसले. उंबऱ्यातच. मला वाटलं, रागावले. खाली बघत म्हणाले, "त्या दिशी तुझा पट्टा माझ्या हातात व्हता भारत. तुझ्या मागं मीबी वलांडलं त्याला. माझ्याबी हाताला लागला तो."

भारत त्यांच्या शेजारी उंबऱ्यात टेकला.

"माझ्या बायकूला, सिंधूलाबी ठाऊक नाय," ते म्हणाले. "तिला वाटतं, दारूनं हात कापतो."

माझं डोकंच फिरलं. "आणि हे सगळं माहीत असून तुम्ही याला त्या शिक्केवाल्याकडे नेलंत?"

"मंग कुठं नेऊ?" म्हातारा ओरडला. त्याच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. "मला तरी दुसरं कोण ठाऊक हाय, वहिनी?"

मी चपला घातल्या. "उठा भाऊजी," म्हटलं. "आधी सिंधूबाईंना सांगायचं. तुम्हाला नाही जमलं तर मी सांगते."

ते उठेनात, म्हणून भारतने त्यांना काखेत हात घालून उभं केलं, आणि पल्लवीला घेऊन आम्ही चौघं निघालो.