रेडिओची शिकवणी

शिट्टीबाईंचा नवरा त्याच्या सलूनमध्ये रेडिओ म्हणून प्रसिद्ध होता, आणि ही बातमी घरी पोचायला कित्येक वर्षं लागली. शिट्टीबाई तरणतलावाच्या खिडकीत बसून तिकिटं देत आणि वेळ संपली की शिट्टी फुंकून लोकांना पाण्याबाहेर काढत, म्हणून त्या शिट्टीबाई. एक दिवस गळ्यात ओला टॉवेल टाकलेले एक गृहस्थ खिडकीशी येऊन म्हणाले, "बाई, तुमची मजा आहे. एवढा बोलका नवरा. परवा दाढी करताना त्या कवळीची गोष्ट सांगत होता, हसता हसता माझा गाल कापता कापता वाचला." शिट्टीबाईंनी त्यांचे सुटे पैसे परत केले आणि विचारलं, "कुणाचा नवरा?"

कारण घरी यायचा तो माणूस निराळा होता. तो चपला काढायचा, हात धुवायचा आणि मिठाची गुळणी धरून बसायचा. जेवायला वाढू का, तर हं. भाजी अळणी झालीय का, तर हं. कुठला हं होकाराचा आणि कुठला नकाराचा हे ओळखण्यात शिट्टीबाईंचा निम्मा संसार खर्ची पडला होता, आणि आता त्या त्यात इतक्या तरबेज झाल्या होत्या की पाहुण्यांना अर्थ सांगत असत. पण खरं सांगायचं तर त्यांना त्याचा कंटाळा आला होता. दिवसभर खिडकीतून माणसांची नुसती बोटं दिसायची, घरी आल्यावर निदान कुणी दोन शब्द बोलावं एवढीच त्यांची इच्छा होती.

अशात परदेशी नोकरीला गेलेल्या मुलीचा फोन आला. तिनं तिकडचा एक मुलगा पसंत केला होता. मुलगा सोन्यासारखा, पण तो आईच्या शब्दाबाहेर नव्हता.

"म्हणजे आईच्या मुठीतला?" शिट्टीबाईंनी विचारलं.

"आईचं ऐकणारा. म्हणून तर आवडला मला," मुलगी म्हणाली. "पण त्या इकडे येतायत, आई. दीड महिन्यानं. त्यांना दागिने नकोत, मानपान नको. त्यांना फक्त बाबांशी बसून बोलायचंय. स्वतः, त्यांच्या भाषेत. मधे मी नको, कुणी दुभाष्या नको."

"का पण?"

"त्यांचा नवरा कधी बोललाच नाही म्हणे. सगळा जन्म भिंतीशी बोलण्यात गेला. न बोलणाऱ्या घरातली मुलगी नको, एवढीच त्यांची अट आहे." मग मुलगी हळूच म्हणाली, "आई, आपले बाबा..."

शिट्टीबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. तो खिडकीबाहेर बघत होता. त्यांनी कपाळाला हात लावला.

सल्ला द्यायला त्यांचा धाकटा भाऊ होताच. तो विमा विकायचा, त्यामुळे त्याच्याकडे प्रत्येक संकटावर काहीतरी असायचं. शिवाय त्याच्या डोक्यावर दाट कुरळे केस होते आणि त्यांचा त्याला भारी अभिमान होता. आधी त्यानं भाऊजींच्या फोनवर विहीणबाईंची भाषा शिकवणारं एक फुकटचं अ‍ॅप घालून दिलं. त्यात चित्र बघून बटण दाबायचं होतं. भाऊजींनी आठवडाभर इतकी अचूक बटणं दाबली की अ‍ॅपनं त्यांना तीन मुकुट दिले, पण तोंडातून अक्षर फुटलं नाही. मग घोळक्याची शिकवणी लावली. पडद्यावर वीस चौकटी, वीस चेहरे. त्यात रेडिओ शांतपणे मान हलवत बसायचा, आणि बाकीचे एकमेकांच्या बोलण्यात बोलत असल्यामुळे सगळ्यात शहाणा विद्यार्थी म्हणून त्याचं कौतुक झालं.

"आता एकट्याची लावू," शिट्टीबाई म्हणाल्या.

"एकट्याला एक शिक्षक? ताई, दर माहीत आहे का?" भाऊ म्हणाला. "तासाला भाऊजींच्या दहा कटिंगा."

"असू दे. तिथं लपायला जागा नाही."

लपायला जागा नव्हती हे खरं. जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप ठेवला, पलीकडे पांढऱ्या केसांची हसरी मास्तरीणबाई आली, अलीकडे रेडिओ इस्त्रीचा शर्ट घालून बसला. तिनं नाव विचारलं. रेडिओ म्हणाला, "हं." तिनं गाव विचारलं. "हं." त्या भाषेतही हं ला काही भाव नव्हता. बाई सोशीक निघाली, तिनं घाई केली नाही. दोघं एकमेकांकडे बघत राहिली. आत शिट्टीबाईंची फोडणी झाली, कुकर उतरला, कणीक मळून झाली, तरी बाहेर शांतता होती, आणि त्या शांततेचे दहा कटिंगांच्या दरानं पैसे पडत होते. पुढचे तासही असेच गेले. एकदा तर बाईनं स्वतःच प्रश्न विचारून स्वतःच उत्तर दिलं, आणि रेडिओनं तिला मान हलवून शाबासकी दिली.

"ताई, आयुष्यभर लोकांची हजामत करणाऱ्याची ही बाई बिनपाण्यानं करतेय," भाऊ म्हणाला. शिट्टीबाईंनाही ते पटायला लागलं होतं. एका संध्याकाळी त्या ठरवूनच निघाल्या की आज सांगायचं, बास झालं, पैसे पाण्यात गेले ते गेले.

त्या दिवशी घरचं इंटरनेट गेलं होतं, म्हणून तास सलूनमध्ये फोनवर चालला होता. शिट्टीबाई गल्लीत वळल्या आणि त्यांना एक आवाज ऐकू आला. कुणीतरी घडाघडा बोलत होतं, मधेच अडत होतं, पुन्हा बोलत होतं, स्वतःच हसत होतं. दारापाशी येऊन त्यांनी आत डोकावलं. फोन आरशाखाली पावडरच्या डब्याला टेकवून ठेवलेला. खुर्चीत एक गिऱ्हाईक गळ्यापर्यंत पांढऱ्या कापडात. आणि त्यामागे त्यांचा नवरा, कात्री चालवत, आरशात बघत, मास्तरीणबाईंना कवळीची गोष्ट सांगत होता, त्यांच्या भाषेत. वाक्यं मोडकी होती आणि निम्मा अर्थ हातवाऱ्यांत होता, पण गोष्ट पुढे जात होती. मास्तरीणबाई चष्मा काढून डोळे पुसत होत्या. गिऱ्हाइकाला एक अक्षर कळत नव्हतं, तरी तेही कापडाखाली गदगदत होतं. शिट्टीबाईंना आधी हसू आलं आणि मग राग आला, आणि राग जास्त वेळ टिकला.

घरी आल्यावर त्यांनी त्याला समोर बसवलं. "तिथं पोपटासारखे बोलता. मग इथं काय होतं?"

"हं."

"आज हं चालणार नाही."

तो चुळबुळला. मग म्हणाला, "समोरासमोर माणूस बसला की माझं डोकं रिकामं होतं. हात मोकळे असले तर काहीच सुचत नाही. हातात कात्री पाहिजे, पुढ्यात डोकं पाहिजे आणि माणूस आरशात पाहिजे. मग आपोआप येतं." एवढं लांब तो त्या वर्षात घरी पहिल्यांदाच बोलला होता.

शिट्टीबाई व्यवहारी बाई. त्यांनी शिकवणी बंद करण्याऐवजी सलूनमध्ये हलवली. अडचण एकच, डोकी कुठून आणायची. गिऱ्हाइकं सुरुवातीला हौसेनं बसली, पण रेडिओ एखादा शब्द आठवेपर्यंत एकाच जागी कात्री चालवत राहतो हे कळल्यावर त्या वेळेला सलून ओस पडायला लागलं. एका गिऱ्हाइकाच्या केसांना तर कानाच्या वर भोक पडलं. शेवटी भावाला बोलावणं गेलं. भाचीच्या संसाराचा प्रश्न होता, त्याला नाही म्हणता येईना. भूतकाळ शिकताना त्याचे कानावरचे कुरळे गेले, भविष्यकाळात मानेवरचे गेले. मास्तरीणबाईंनी जिथं तिथं अपवाद समजावून दिले त्या आठवड्यात माथा उजाड झाला. आरशात बघून तो रोज हळहळायचा, पण भाऊजी सुसाट सुटले होते. हवामान, नातेवाईक, तब्येती, कवळी, सगळं त्यांना आता विहीणबाईंच्या भाषेत येत होतं. रात्री शिट्टीबाई निश्चिंत झोपायला लागल्या.

ठरलेल्या दिवशी पाहुणे आले. बेत साधा होता. चहा झाला की जावईबापूंना सलूनमध्ये न्यायचं, त्यांचे केस कापता कापता रेडिओ विहीणबाईंशी बोलणार. दार उघडलं. मुलगी आत आली, विहीणबाई आल्या, आणि मागून जावईबापू आले, डोक्याचा तुळतुळीत गोटा करून. होणारे सासरे केस कापण्यातले जाणकार, त्यांना आपली कटिंग वाईट दिसली तर, या धसक्यानं त्यांनी सगळेच काढून टाकले होते. शिट्टीबाईंनी भावाकडे पाहिलं. तोही तसाच गोटा घेऊन कोपऱ्यात उभा होता.

चहा झाला. विहीणबाईंनी रेडिओला समोर बसवून पहिला प्रश्न विचारला. रेडिओनं दोन्ही हात मांड्यांखाली दाबले आणि म्हणाला, "हं." दुसरा प्रश्न. "हं." विहीणबाई भल्या होत्या, त्यांनी तिसराही विचारला. रेडिओच्या कपाळावरून घाम निथळायला लागला. मग विहीणबाईंनी कप खाली ठेवला आणि मुलाकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता, नुसता थकवा होता. हे मौन त्यांच्या ओळखीचं होतं. मुलीनं मान खाली घातली.

"उठा," शिट्टीबाई म्हणाल्या. "सगळे सलूनमध्ये चला."

"अगं, पण कुणाचे कापू?" रेडिओ कळवळून म्हणाला. विहीणबाईंचे केस आधीच बारीक कापलेले होते, शिवाय पाहुण्याच्या डोक्याला हात घालायची भाषा शिकवणीत आली नव्हती.

सुट्टीचा दिवस, सलून बंद होतं. कुलूप उघडलं. मुलगी म्हणाली, "मी बसते, बाबा." पण तोवर शिट्टीबाई खुर्चीत बसल्या होत्या आणि अंबाड्यातल्या पिना एकेक काढून आरशाखाली ठेवत होत्या. केस कमरेपर्यंत आले. इतक्या वर्षांच्या संसारात त्यांनी कधी नवऱ्याला केस कापायला सांगितलं नव्हतं, आणि त्यानंही कधी विचारलं नव्हतं.

"खांद्यापर्यंत," त्या म्हणाल्या.

त्यानं कापड बांधलं. पहिली बट खाली पडली आणि रेडिओ लागला. आधी खरखर झाली, मग आवाज स्वच्छ झाला. तो प्रवासाची चौकशी करत होता, गुडघ्यांची चौकशी करत होता, मग कवळी आली, आणि बाकावर बसलेल्या विहीणबाई आधी गालात आणि मग चक्क मांडीवर थापा मारून हसायला लागल्या. जावईबापू हसले, मुलगी हसली, काही न कळणारा भाऊ सगळ्यांच्या वर हसला. शिट्टीबाईंनाही उकळ्या फुटत होत्या. हसू आवरता आवरत नव्हतं, आणि डोकं हलवायची तर चोरी.

मग विहीणबाईंनी हसू पुसलं आणि खुर्चीकडे बोट दाखवून काहीतरी विचारलं. रेडिओनं कात्रीवरचे केस झटकले. मग हळूहळू बोलायला लागला, छोटी छोटी वाक्यं, नवशिक्यासारखी. आता तो विहीणबाईंकडे बघत नव्हता. आरशातून शिट्टीबाईंकडे बघत होता.

"काय म्हणतायत?" शिट्टीबाईंनी विचारलं.

मुलगी अर्थ सांगायला लागली. "तुमची बायको कशी आहे, असं विचारलं त्यांनी. बाबा म्हणतायत, माझी बायको तिकिटं विकते. तिच्या हातांना तलावाच्या पाण्याचा वास येतो. मी दिवसभर गोष्टी सांगतो. जी सगळ्यात चांगली असते ती कुणाला सांगत नाही, तिच्यासाठी ठेवतो. संध्याकाळी ती दमून येते. मला वाटतं, आज नको, उद्या सांगू. मग उद्या ती गोष्ट जुनी होते." मुलीनं नाक ओढलं. "आणि म्हणतायत, माझ्याकडे खूप जुन्या गोष्टी आहेत."

विहीणबाई उठल्या. त्यांनी मुलीचा हात धरून आपल्या मुलाच्या हातात दिला आणि पुन्हा बसल्या. एवढंच झालं, पण लग्न ठरलं.

"चला, गंगेत घोडं न्हालं," भाऊ म्हणाला. "आता ती दहा कटिंगांची बाई बंद करून टाका."

"बंद कशाला? उलट आठवड्याचा एक तास वाढवा," शिट्टीबाई म्हणाल्या. त्यांचे डोळे भरून आले होते, पण हात कापडाखाली होते, त्यामुळे पुसता येत नव्हते. "अहो, आता तेच आपल्या भाषेत सांगा."

कात्री थांबली. आरशातला चेहरा गोरामोरा झाला.

"हात थांबवू नका," त्या म्हणाल्या.

कात्री पुन्हा चालू झाली. "एकदा काय झालं," तो म्हणाला, आणि सांगत राहिला. एक गोष्ट संपली, दुसरी सुरू झाली. केस खांद्याच्या वर गेले, मग मानेच्या वर गेले, मग कान दिसायला लागले. शिट्टीबाईंनी थांबा म्हटलं नाही.