एका फेऱ्याला किती दोर

दादा पाळण्यात बसला, कपाळावरची बॅटरी लावली आणि बायकोला म्हणाला, "तू थांबवशील तिथे मी थांबणार. मला खाली अंधारात काही कळत नाही."

हे तो हसत म्हणाला. विहिरीत उतरायची भीती म्हणून त्याला कधी ठाऊकच नव्हती. लोक जिना उतरतात तसा तो दहा-बारा पुरुष खोल उतरायचा आणि खालून मोठमोठ्यानं गाणी म्हणायचा. भीती वाटायची ती वहिनीला. घरात दीर-नणंद तिला वहिनी म्हणत, कामावरची माणसंही तेच म्हणायला लागली होती, तेव्हा आपणही वहिनीच म्हणू. आज विंचच्या, म्हणजे पाळणा वर-खाली करायच्या रहाटाच्या, हँडलवर ती उभी होती.

जुन्या विहिरी तपासायच्या आणि दुरुस्त करायच्या, हा या घराचा धंदा. विंचवर सासरे असत. त्यांच्या दोरावर रंगाचे पट्टे होते, पट्टा ड्रमवरून सुटला की माणूस किती खोल गेला ते कळायचं. मग सासऱ्यांचे हात थरथरायला लागले आणि त्याच सुमारास दोरही विरला, दोघं एकदमच निवृत्त झाले म्हणा ना. हँडलला दोन बाजूंनी दोन माणसं लागतात. एका बाजूला धाकटा दीर होता. त्याला सगळे तुफान म्हणत, कारण तो कुठलीही गोष्ट शांतपणे करूच शकत नसे. मोजायला बसवला तर आठवरून थेट बारावर जायचा आणि मधले कुठे गेले म्हणून आपल्यालाच विचारायचा. बाहेरच्या माणसावर दादाचा भरवसा नव्हता. उरली वहिनी.

आता वहिनीचं आणि गणिताचं लहानपणापासून वाकडं. शाळेत फळ्यापुढे उभं केलं की तिच्या हातातला खडू ओला व्हायचा आणि मागे पोरी खुसखुसायच्या. सातवीनंतर शाळा सुटली तेव्हा घरचे हळहळले, ही मात्र गणित सुटलं म्हणून रात्री शांत झोपली. आणि आता म्हणे हिनं खोली मोजायची!

शिकवलं ते नणंदेनं. ती शाळेत शिकवायची, पण घरी तिनं वही काढलीच नाही. स्वयंपाकघरातली झाकणं काढली आणि सुतळी.

"वहिनी, ही सुतळी झाकणाच्या कडेनं फिरव. झाली? आता तेवढ्याच सुतळीनं झाकण आडवं मोज. किती वेळा बसते?"

"तीनदा. आणि थोडी उरली."

"आता परात घे."

परातीतही तीनदा बसली आणि थोडी उरली. डब्याचं तेच, बादलीचं तेच. वहिनीला हे खोटं वाटेना आणि खरंही वाटेना. एवढंसं झाकण आणि एवढी मोठी परात, दोघांचं उरणंसुद्धा त्याच मापात? नणंद म्हणाली, आडव्या मापाला व्यास म्हण, कडेच्या मापाला परीघ म्हण, आणि व्यासाला बावीसनं गुणून सातनं भाग, की परीघ आला. वहिनीनं मग आठवडाभर घरात गोल दिसेल ते मोजलं. तुफानचं डोकंही मोजून झालं. सासरे म्हणाले, "त्याच्या डोक्याचा घेर काढून काय करणार, आत काही असेल तर उपयोग."

शेवटी तिनं विंचचा ड्रम मोजला. नवा दोर अजून यायचा होता, ड्रम नुसता उघडा पडला होता. व्यास भरला अठ्ठावीस सेंटीमीटर. अठ्ठावीसला सातनं भागलं, बावीसनं गुणलं, अठ्ठ्याऐंशी आले. सुतळी लावून पाहिली तर सुतळीही अठ्ठ्याऐंशीच. हँडलचा एक फेरा म्हणजे ड्रमचा एक फेरा, म्हणजे अठ्ठ्याऐंशी सेंटीमीटर दोर खाली. त्या दिवशी ती स्वतःशीच इतकी हसली की नणंदेला वाटलं हिला काहीतरी झालं.

आणि आज ही कारखान्याच्या आवारातली बंद विहीर. कालच कारखान्याचा तपासनीस यंत्र सोडून पाहून गेला होता. चोवीस मीटरच्या खाली हवा खराब आहे, वास येत नाही, रंग दिसत नाही, माणसाला नुसती झोप येते आणि तो उठत नाही. त्याच्या वर ठीक आहे. दादाला भिंतीची बांधणी पाहत बावीस मीटरपर्यंत जायचं होतं, भेगा दिसतील तिथे खडूनं खूण करायची आणि परत. दोन मीटर हातचे राखलेले. ड्रम दुकानात पाठवला होता, दुकानदारानं नवा दोर त्यावर गुंडाळूनच परत दिला होता आणि दोरावर पट्टे काढायला तो सगळा पसरावा लागला असता. आवारात ट्रक उभे, जागा कुठे? दादाला घाई होती. वहिनी म्हणाली, "पट्टे नकोत. मी फेऱ्यांवरून सांगते. बावीस मीटरला पंचवीस फेरे." हे सांगताना तिला भीती वाटत होती आणि थोडा अभिमानही वाटत होता. दादानं भुवया उंचावल्या. "बघा, आमच्या घरात मास्तरीण निघाली," एवढंच म्हणाला आणि पाळण्यात बसला.

हँडल फिरायला लागलं. वहिनी मोठ्यानं मोजत होती. प्रत्येक आकडा ती असा धरून ठेवायची की जणू सोडला तर नवराच सुटेल. खालून गाणं येत होतं, मधूनमधून दादा दोरी ओढून घंटी वाजवत होता. घंटी वाजली म्हणजे सगळं ठीक, असा नियम होता. तुफानला बोलायची बंदी होती, त्यामुळे तो बिचारा घामाघूम झाला होता.

"एकवीस."

दोराला बारीकसा गचका बसला. वहिनीनं ड्रमकडे पाहिलं. विशेष काही नव्हतं. दोराचा वरचा थर संपला होता आणि आता खालच्या थरातून दोर सुटणार होता. ड्रम एकदम बारीक दिसायला लागला होता, एवढंच.

बारीक कसा? हा खालचा थर तर अजून ड्रमवर आहेच. आणि ती ज्याचा परीघ काढून बसली होती तो तर याहूनही बारीक, उघडा ड्रम.

तिचा हात हँडलवर थिजला. अंगठ्याहून जाड दोर, त्याचे दोन थर. मघापासून फिरत होता तो अठ्ठावीसचा ड्रम नव्हताच. ती इतका वेळ खोटंच मोजत होती.

"वहिनी, चार राहिले," तुफान म्हणाला.

"थांबा. हँडल घट्ट धरा."

ड्रमच्या कडेच्या पत्र्यावर ग्रीसचं वर्तुळ उमटलं होतं, वरच्या थरातला दोर जिथे घासला होता तिथे. तिनं कमरेला खोचलेली मोजपट्टी काढून आडवी धरली. पस्तीस. पस्तीसला सातनं भागलं तर पाच, पाच गुणिले बावीस एकशे दहा. गणित इतकं पटकन सुटलं की तिला वाटलं, हे चुकलंच असणार. एका फेऱ्याला एकशे दहा, एकवीस फेरे. तेवीस मीटर दहा.

बावीस केव्हाच मागे पडले होते. पाळणा तेवीसच्या खाली, आणि पाय पाळण्याखाली लोंबलेले. शिवाय नवा दोर वजनानं ताणतो, किती ते तिला ठाऊक नव्हतं. ती खराब हवा तरी काय चोवीसवर रेघ मारून बसली असेल?

मग तिच्या लक्षात आलं की गाणं थांबलंय.

कधी थांबलं? शेवटची घंटी कधी वाजली? तिला आठवेना. आकडे मोजण्याच्या नादात तिनं नवऱ्याचा आवाजच ऐकला नव्हता.

"भावोजी, वर घ्या."

"अहो, पण दादानं घंटी कुठं..."

"वर घ्या म्हणते ना."

तुफाननं हँडल उलटं फिरवायला घेतलं. माणूस खाली सोडणं सोपं, वर ओढताना हँडल जागचं हलत नाही. दोघांनी छातीचा जोर लावला. वहिनीनं विहिरीत तोंड करून हाक मारली. तिची हाक तेवढी परत आली, दुसरं काही आलं नाही. पुन्हा मारली. पुन्हा तेच.

शाळेत असताना तिनं देवाजवळ किती वेळा मागितलं होतं की माझं उत्तर बरोबर येऊ दे. आज ती उलटं मागत होती. चुकलेलं असू दे. मी मूर्ख ठरू दे. त्यानं वर येऊन शिव्या द्याव्यात, काम अर्धवट का तोडलंस म्हणून तमाशा करावा, चार लोकांत हसावं, सगळं गोड मानून घेईन. हातांना फोड आले तेही तिला कळलं नाही. तिला आता खरोखर वाटत होतं की दोराच्या टोकाला जे येईल ते पाहायला नको, हँडल असंच फिरत राहावं.

तरी पाळणा वर आला. दादाचं डोकं दोराला टेकलेलं होतं. कपाळावरची बॅटरी त्याच्याच मांडीवर उजेड पाडत होती, खडू हातात नव्हता. तुफाननं त्याला काखेत धरून बाहेर ओढलं आणि जमिनीवर आडवं केलं. वहिनी त्याच्या तोंडाजवळ कान नेऊन बसली. स्वतःच्याच छातीतल्या धडधडीनं तिला काही ऐकू येईना.

मग त्यानं श्वास ओढला. खोकला, कुशीवर वळला, ओकला. बऱ्याच वेळानं डोळे उघडून तिच्याकडे पाहिलं.

"कशाला काढलंस गं," तो म्हणाला. "इतकं छान वाटत होतं."

हे ऐकून वहिनी घाबरली ती खरी घाबरली. तोपर्यंतची भीती काहीच नव्हती. त्याला गुदमरल्यासारखं झालं नव्हतं, त्यानं धडपड केली नव्हती, घंटीची दोरी हातात असून ओढावीशीही वाटली नव्हती. भेगा नीट पाहायला मान खाली घातली आणि डुलकी लागावी तसा तो निघाला होता.

तासाभरानं तो भिंतीला टेकून पाणी प्यायला लागला. रंग परत आला, त्याबरोबर बोलणंही परत आलं. "जरा गरगरलं, एवढंच. तुमच्या वहिनीचा जीव चिमणीएवढा," असं तो तुफानला सांगायला लागला. तुफान हसला नाही.

वहिनीनं खडू घेतला आणि त्याच्यासमोर फरशीवर लिहिलं. आकडे सरळ आले. वरच्या थरातले एकवीस फेरे, एकशे दहानं, तेवीस मीटर दहा. खालच्या थराचा तिनं पट्टीनं व्यास घेतला, परीघ काढला, साधारण पंचाण्णव. राहिलेले चार फेरे, तीन मीटर ऐंशी. मग बेरीज.

"हे काय?" दादा म्हणाला.

"मी पंचवीस पुरे केले असते तर तुम्ही या आकड्यावर असता."

त्यानं आकडा वाचला. सव्वीस मीटर नव्वद. मग विहिरीच्या तोंडाकडे पाहिलं, मग पुन्हा आकड्याकडे. हातातलं पाणी आधी थोडं सांडलं, मग सगळंच सांडलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण या माणसाला भ्यालेलं वहिनीनं कधी पाहिलं नव्हतं. तिनं त्याला धीर दिला नाही. त्यानं भ्यायलाच हवं होतं.

"पुन्हा सांग," तो म्हणाला. आवाज बारीक झाला होता. "पहिल्यापासून सांग. व्यास म्हणजे काय, तिथपासून."

वहिनीनं फरशी पुसली आणि एक गोल काढला.