भुऱ्याचं तोंड मी बांधलं

मित्रांनो, मी एक जुनं मुसकं आहे. तुमच्यातल्या पुष्कळांनी मुसकं पाहिलंही नसेल. औत चालताना बैलानं उभ्या पिकाला तोंड लावू नये म्हणून त्याच्या तोंडाला दोरीची जाळी बांधतात, तीच मी. आज मी तुम्हांला माझी बढाई सांगायला बसलो नाही. माझ्या हातून एक वाईट गोष्ट घडली आहे, ती सांगितल्याशिवाय मला चैन पडत नाही.

पिंगळीच्या शिवारात राहणाऱ्या बन्सीधरनं मला वळलं. अंबाडीचा वाख भिजवला, मांडीवर पीळ दिला आणि दोन दुपारी बसून गाठ न गाठ सारखी घातली. मग हरण्या बैलाच्या तोंडावर मी अकरा वर्षं कोळपणीला गेलो. सोयाबीनच्या कोवळ्या शेंड्यांतून हरण्या चालायचा, पण एक पान त्याच्या जिभेला लागायचं नाही. बांधावरून जाणारे म्हणायचे, मुसकं लय झ्याक वळलंय. मी नुसता फुगून जायचो. तोंड बंद ठेवणं म्हणजे चांगलं काम, एवढंच मी शिकलो होतो.

पुढं ट्रॅक्टर आला आणि हरण्याही थकून गेला. मी ओसरीतल्या खुंटीवर तीन वर्षं लटकलो. माझी एक दोरी उंदरानं कुरतडली तरी कुणी पाहिलं नाही.

त्या खुंटीवरून मी घरच्या कुत्र्याला, भुऱ्याला, मोठा होताना पाहिलं. बन्सीधरची बायको सुमनबाई, तिनं त्याला पदरात घालून आणलं तेव्हा तो वाटीत मावेल एवढा होता. पण मोठेपणी त्यानं घराला जेरीस आणलं. भाद्रपद लागला की चार-चार दिवस गायब, परत यायचा तो कान फाडून घेऊन. एकदा सिलिंडर देणाऱ्या माणसावर धावून गेला आणि शेजारपाजारचे बोलायला लागले. शेवटी सुमनबाईनं त्याला परभणीला नेऊन नसबंदी करून आणली.

डॉक्टर माधवीताईंनी सगळं नीट समजावलं होतं. ऑपरेशन झालं म्हणजे राग लगेच उतरत नाही, महिना-दोन महिने जातात. भटकणं, भांडणं कमी होतील; पण भीतीनं किंवा दुखण्यानं येणारा राग ऑपरेशननं जात नसतो. टाके रोज बघा, त्याला मारू नका, गुरगुरला तर मागं सरा. बन्सीधरनं यातलं निम्मंच ऐकलं. त्याच्या डोक्यात बैल होता.

"गोऱ्हा खच्ची केला की पंधरा दिवसांत लेकराच्या हातात कासरा द्यावा," तो सगळ्यांना सांगत सुटला. "कुत्र्याचं काय निराळं हाय?"

चौथ्या दिवशी त्यांची पाचवीतली लेक निकिता भुऱ्याजवळ बसली आणि तिनं त्याच्या पोटावर हात ठेवला. तो गुरगुरला. ती पटकन मागं सरली. बघा, एवढंच झालं होतं! एकानं सांगितलं, दुसरीनं ऐकलं. पण बन्सीधरचा पारा चढला. ऑपरेशन करूनही मस्ती जात नाही म्हणजे काय, असं म्हणत त्यानं भुऱ्याला चप्पल हाणली आणि मला खुंटीवरून काढलं.

आणि मित्रांनो, इथं मला मान खाली घालावी लागते. मला आनंद झाला! तीन वर्षांनी माझं काम निघालं होतं. बैलाच्या मापाचा मी कुत्र्याला मोठा होत होतो, तर बन्सीधरनं माझे दोन फेर उसवून मला आवळलं. मी अगदी चपखल बसलो.

खायच्या-प्यायच्या वेळेपुरतं सुमनबाई मला सोडायची, बाकी दिवसभर मी भुऱ्याच्या तोंडावर. हरण्या नाकानं श्वास घेत चालायचा. कुत्र्याला मात्र उन्हात जीभ बाहेर काढून धापा टाकाव्या लागतात, आणि मी ती बाहेर येऊ देत नव्हतो. त्याचा गरम श्वास माझ्या गाठीगाठींतून फिरत होता. तो गुरगुरायचा, ते माझ्यापाशीच अडायचं, आणि बन्सीधरला जरा जरी ऐकू गेलं तर तो माझी दोरी आणखी बोटभर ओढायचा. नवव्या दिवशी भुऱ्या गुरगुरायचा थांबला. बघ, गरीब झाला का नाही, असं बन्सीधर बायकोला म्हणाला. मलाही तसंच वाटलं. लाज वाटते सांगायला, पण वाटलं.

मग मला काढून ठेवलं. पुढच्याच रविवारी निकिता त्याचं रिकामं ताट उचलायला गेली. भुऱ्या गुरगुरला नाही, त्यानं दात दाखवले नाहीत. सरळ तिचं मनगट धरलं.

सुमनबाईनं साबण लावून किती तरी वेळ लेकीचा हात नळाखाली धरला. मग सरकारी दवाखाना, इंजेक्शनं. घरात त्या दिवशी चूल पेटली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी बन्सीधरनं मला पुन्हा भुऱ्यावर चढवलं आणि त्याला पुतण्या हरिओमच्या टेम्पोत घातलं. हरिओम कापूस घेऊन सेलूला निघाला होता. त्यानं कुत्र्याला देवगाव फाट्यावर सोडायचं असं ठरलं. तिथं हॉटेलं आहेत, काहीतरी खाईल, असं बोलणं झालं. मला सोडायचं कुणाच्याच ध्यानात आलं नाही. मी तोंडावर असताना हा खाणार काय आणि पिणार काय? दोन दिवसांत मरेल. हे मला कळत होतं, पण स्वतःची गाठ मला सोडता येत नाही.

तेवढ्यात निकिता टेम्पोमागं येऊन उभी राहिली. हाताला पट्टी होती.

"बाबा, आधी तो गुरगुरायचा तवा मी मागं सरायचे," ती म्हणाली. "ह्या टायमाला त्यानं सांगितलंच न्हाई. त्याचं सांगणं आपणच बंद केलं."

बन्सीधरनं लावायला घेतलेली फळी खाली केली. मग तो आत चढला आणि त्यानं माझी गाठ सोडली. भुऱ्या निम्मी बादली पाणी प्याला.

बन्सीधरच्या सांगण्यावरून हरिओमनं कापूस तसाच भरलेला ठेवला आणि टेम्पो परभणीला डॉक्टरांकडे नेला. माधवीताईंनी भुऱ्याला हलकेच उताणं केलं, तर एक टाका आतून पिकलेला. चालीवरून बैलाचा दुखरा खूर ओळखणारा बन्सीधर, पण इतक्या दिवसांत त्यानं वाकून कुत्र्याचं पोट पाहिलं नव्हतं! तो आता वाकून बघू लागला.

टाक्याची जखम भरली, पण बिघडवलेलं काही लगेच सुधारत नसतं. भुऱ्याचं ताट आता भिंतीकडे बाजूला ठेवतात, तो खाताना कुणी तिकडं फिरकत नाही. निकिता लांबून भाकरीचे तुकडे टाकते आणि त्यानं अंग ताठ केलं की थांबते. डॉक्टरकडे न्यायचं तर पाणी पिता येईल असं ऐसपैस जाळीचं मुसकं त्याला घालतात. मला पुन्हा कुणी खुंटीवरून काढलं नाही. तरी भुऱ्या मुकाच होता, आणि त्याच्या मुकेपणाची सगळ्यांना धास्ती होती.

दोन महिन्यांनी एका दुपारी त्याचं ताट रिकामं झालंय असं समजून बन्सीधर पुढं गेला. ताटात तुकडा उरला होता. भुऱ्या गुरगुरला. बन्सीधर जागीच थांबला, दोन पावलं मागं आला आणि म्हणाला, "ऐकलं रे बाबा, ऐकलं."

मित्रांनो, भुऱ्या घरात राहिला. पण लहान लेकरांत त्याला अजून मोकळं सोडत नाहीत, आणि निकिताच्या मनगटावर चार वण आहेत. तुमच्या घरातलं मुकं जनावर गुरगुरलं तर त्याच्यावर हात उगारू नका. मागं सरा आणि त्याचं काय दुखतंय ते बघा. तोंड बांधलं म्हणजे दुखणं थांबत नाही. मी इतकी वर्षं तोंडं बांधली आणि मला हे त्या चार वणांवरून कळलं.